शीत

शिओगामाच्या धक्क्यावर पहाटे चारला
चिगुसा बर्फाची पेटी उचलते.
बोटं आधी लाल होतात, मग जांभळी,
मग तिची राहतच नाहीत.
बरं आहे, ती म्हणते. गारच हवेत.

बाईचा हात गरम, मासा भाजतो,
असं पहिल्याच आठवड्यात लिलाववाला म्हणाला होता,
हसत, काही वाईट मनात नसावं तसं,
जसं कुणी म्हणतं, छत्री घे, आभाळ आलंय.
कुमागाई तेव्हा शिंपले वाजवून बघत होते,
जिवंत कुठला, मेला कुठला.
ते हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत.
ती गप्पी तिने अडीच वर्षं उशाला घेतलीये.

अडीच वर्षं, आणि नुसता तांदूळ.
पहिलं पाणी लगेच ओतून टाकायचं.
तिसऱ्या पाण्यात हात दिसला पाहिजे,
करंगळीचं नख दिसता कामा नये.
भात लाकडी परातीत, त्यावर व्हिनेगर,
उलथन्याच्या पाठीवरून सोडायचं.
"कालवू नकोस. काप."
एवढंच शिकवलं त्यांनी, एका वाक्यात, एकदाच.
मग पंखा: बंद पडलेल्या कुठल्याशा औषध दुकानाचा,
त्यावर खोकल्याच्या गोळीची जाहिरात, अर्धी फाटलेली.

रोज ते परातीतलं एक शीत उचलतात,
जिभेवर ठेवतात, निघून जातात.
शितावरून भाताची परीक्षा,
आणि निकाल कधी लागत नाही.

रात्री लाँड्रीच्या वरच्या खोलीत
टोफूवाल्याकडून फुकट आणलेला सोयाबीनचा चोथा
ती तळहातावर घेते, दाबते, फिरवते, दाबते.
दोनशे वेळा.
मग आपल्या चुका सोयासॉस घालून खाते.
आई फोनवर विचारते, जेवलीस?
हो, पोटभर.

कोहादा नावाचा ठिपक्यांचा मासा असतो, वीतभरसुद्धा नाही.
मीठ किती वेळ लावायचं, तिने विचारलं होतं.
"मासा सांगेल."
मासा काही सांगत नाही.
माणूसही तसाच मुरतो बहुतेक,
झाकण लावून, कुणी न विचारता.

फेब्रुवारीतल्या गुरुवारी कुमागाईंना सर्दी झाली.
बाहेर बर्फ पडत होता, आत सहा गिऱ्हाइकं.
त्यांनी शीत उचललं, जिभेवर ठेवलं.
थांबले.
दुसरं उचललं.
घड्याळाकडे बघावं तसं भिंतीकडे बघितलं,
जिथे घड्याळ नव्हतं.
मग उलथनं तिच्यापुढे धरलं.
"सांग."

आधी ऊब लागली, मग गोडी,
मग जिथे आंबट यायला हवं होतं
तिथे एक रिकामी पायरी.
भात तिनेच केला होता.
ठीक आहे म्हटलं असतं तर
त्या दिवशी जगात कुणालाच कळलं नसतं.

"कमी आहे," ती म्हणाली. "आंबट. थोडंसं."

आता घालून उपयोग नाही, हे दोघांनाही ठाऊक.
निवलेला भात काही पीत नाही.
कुमागाईंनी परात बाजूला सारली,
पडदा उचलून बाहेर गेले, वाकले, म्हणाले,
पन्नास मिनिटं लागतील.
एक टायवाला उठून गेला.
दर गुरुवारी येणाऱ्या नाबेशिमाबाईंनी
आणखी एक चहा मागितला, आणि वर्तमानपत्र.

तिने तांदूळ धुतला. तिसऱ्या पाण्यात
करंगळी थरथरत होती, पण नख दिसलं नाही.
व्हिनेगर सोडलं. कापलं. पंखा घेतला.

कुमागाई नाक पुसत मागे उभे.
"माझ्यावर विसंबू नकोस आज," म्हणाले,
"हात ठेवून बघत राहा.
तुझ्याएवढा ऊन झाला
की हाक मार."

शीत न् शीत सुटं, तरी एकमेकांना धरून.
तिने बर्फाच्या पाण्यातला हात काढला, पुसला,
कोरडा होऊ दिला,
त्यात आपलं रक्त परत येण्याची वाट पाहिली.
मग भातावर ठेवला.

अजून नाही.
अजून थोडं.